खुराखालची वाटी

पाच पिढ्या दगडावर जगलेल्या घरात मुलगी जन्मली. तिनं दगडाचं काम करावं असं कुणी म्हटलं नव्हतं आणि करू नये असंही कुणी म्हटलं नव्हतं. थोरल्या भावानं धुळीला कंटाळून काचा-आरशांचं दुकान टाकलं, तेव्हा घरातली हातोडी आपसूक धाकटीकडे आली. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून बाप तिला लहानपणापासून छन्नी म्हणायचा. पुढं सगळ्यांनीच ते नाव उचललं. शहरातल्या जुन्या इमारतींची निगा राखणारी एक कचेरी होती. तिथं छन्नी पाथरवट म्हणून लागली त्याला आता चौदा वर्षं झाली होती. तिच्या आधी त्याच जागेवर तिचे वडील, अप्पा होते, आणि अप्पांच्या आधी त्यांचे वडील.

त्या वर्षी कचेरीनं जुन्या वेशीच्या सफाईचं काम काढलं.

शहरात पाहण्यासारखं फार काही नव्हतं, पण वेस होती. दोन जाड बुरूज, मध्ये कमान, आणि उजव्या बुरुजाच्या पायाशी गुडघाभर उंचीचा एक करडा खडक, जो कुणी आणून बसवलेला नव्हता. बुरूजच त्याच्याभोवती बांधून काढला होता. त्या खडकात घोड्याचा खूर उमटलेला होता. त्याची गोष्ट शहरातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होती. पहिला राजा लढाई हरून सात स्वारांनिशी पळत आला, समोर नदी दुथडी भरून वाहत होती, आणि मागे शत्रू. घोड्यानं या खडकावर असा काही पाय आपटला की दगडात खूर रुतला. मग घोडा जागचा हलेना. राजा म्हणाला, हा हलत नाही, तर मीही हलत नाही. तो तिथंच उलटून लढला, जिंकला, आणि जिथं घोडा अडला तिथं त्यानं शहर वसवलं. जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या खुरात तळहात टेकवून पुढं जायचा. परीक्षेला निघालेली मुलं, नोकरीसाठी परगावी चाललेली माणसं, कोर्टाची तारीख असलेले दोन्हीकडचे पक्षकार, सगळे.

वेशीवर परांची चढायच्या आधीच्या शुक्रवारी छन्नी घरामागच्या पडवीत पायरीचा एक दगड ताशीत होती. अप्पा काठी टेकत आले आणि उपड्या घातलेल्या खोक्यावर बसले. बहात्तर वर्षांचे झाले होते. उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता, म्हणून ते तो नेहमी डाव्या हातानं धरून ठेवत.

"कापड किती दिवस राहणार वेशीला?"

"तीन आठवडे."

"रस्त्यावरून आतलं दिसणार नाही ना?"

"धूळ बाहेर जाऊ नये म्हणून तर लावतात. का?"

अप्पांनी दार लोटून घेतलं. "आता सांगतो ते या कानाचं त्या कानाला जायचं नाही. थोरल्यालाही ठाऊक नाही. खूर बुजत आलाय."

"बघितलाय मी. झिजलाय."

"तो दर चाळीस-पन्नास वर्षांनी झिजतो. एवढे हात फिरतात, दगड काय, लोखंडही झिजेल. मग आपल्यापैकी कुणीतरी तो परत काढतो. मी एकोणतिसाव्या वर्षी काढला. माझ्या आधी माझ्या वडिलांनी. त्यांच्या आधी त्यांच्या आजोबांनी."

"काढतो म्हणजे?"

"म्हणजे काढतो. छन्नी-हातोडीनं. आता तुझी पाळी."

छन्नीनं हातोडी खाली ठेवली. बराच वेळ ती दगडाच्या कडेवरची भुकटी अंगठ्यानं पुसत राहिली.

"आईला दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी तिथं हात ठेवून आले होते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याबरोबर होतात."

"होतो."

"काही बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो, पोरी?"

तिला राग आला. तरी ती हो म्हणाली. अप्पांना नाही म्हणायची सवय तिच्या अंगात नव्हती, आणि काम म्हणून पाहिलं तर ते अवघड नव्हतं. दोन बोटं खोली, कड गोलसर, टाचेकडे उतार. अप्पांनी तिला सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, "एक लक्षात ठेव. खुराच्या खाली एक उथळ वाटी लागेल, ओंजळीएवढी. तिला धक्का लावायचा नाही. खूर तिच्या आतच बसवायचा."

"का?"

"माझ्या वडिलांनी सांगितलं म्हणून. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं."

सोमवारी परांची चढली, कापड लागलं, आणि छन्नी आत शिरली तर खडकासमोर एक बाई तीन पायांच्या यंत्राला डोळा लावून उभी होती. साहेबांनी म्हणजे कचेरीच्या प्रमुखांनी तिला विद्यापीठातून बोलावलं होतं. दगडाचा कण न् कण मोजून त्याचं चित्र काढायचं, म्हणजे उद्या काही पडलं-झडलं तर नोंद राहील, असा त्यांचा विचार. बाई पन्नाशीची, मोकळी, आणि सतत काहीतरी खात असणारी होती. कामगारांनी दुपारपर्यंत तिचं नाव मोजणीबाई पाडलं. तिला ते कळलं आणि आवडलंही.

मंगळवारी मोजणीबाईनं छन्नीला हाक मारली. "अहो पाथरवटबाई, जरा इकडे या. तुमच्या धंद्यातलं विचारायचंय."

पडद्यावर खडक निळा, हिरवा, पिवळा दिसत होता. जिथं खोल तिथं निळा. मधोमध गडद निळा खूर. त्याच्याभोवती फिकट निळी गोल वाटी. आणि खुराच्या आत, एकावर एक, बारीक समांतर रेघा.

"या रेघा चार वेगवेगळ्या दिशांना जातात," मोजणीबाई म्हणाली. "म्हणजे निदान चार वेळा कुणीतरी हा कोरलाय. कशानं असेल? दातेरी छन्नी?"

दातेरी छन्नी त्या क्षणी छन्नीच्या पिशवीत होती. "पाण्याच्या धारेनंही अशा रेघा पडतात," ती म्हणाली.

मोजणीबाईनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बिस्किटाचा पुडा पुढं केला. "घ्या. मला या रेघांपेक्षा ही वाटी महत्त्वाची वाटते. ती कोरलेली नाही, घासून झालीय. आणि ती खुरापेक्षा जुनी आहे."

बिस्किट खाता खाता तिनं बाकीचं सांगितलं. घोड्याची गोष्ट जिच्यात पहिल्यांदा लिहिलेली सापडते, ती वही शहर वसल्यानंतर तीनशे वर्षांनी एका दरबारी कारकुनानं लिहिली. त्याच्या शंभर वर्षं आधीचं एक फाटकं पान दुसऱ्याच एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यात चिकटवलेलं मिळालं. त्यात घोडा नाही. राजाही नाही. वरच्या बाजूची गावं जाळली गेली, माणसं जीव घेऊन पळाली आणि नदीला पूर म्हणून पलीकडच्या काठावर अडकली. नदी तेव्हा वेशीला लागून वाहायची. पुढं बांध घालून ती पलीकडे सरकवली. नावाडी मेलेला, नाव फुटलेली. त्याच्या बायकोनं दोन्ही काठांना दोर बांधला आणि या खडकावर गुडघा रोवून माणसांनी भरलेला तराफा ओढत राहिली. त्या पुरात नऊ दिवस, आणि पुढं आयुष्यभर, कारण नंतरही माणसं येतच राहिली. जी उतरली ती इथंच राहिली. लिहिणारा म्हणतो, खडकात तिच्या गुडघ्याची जागा आहे, आम्ही ती पाहिली.

"मग राजा?" छन्नीनं विचारलं.

"राजा नंतर आला. कानामागून आला आणि तिखट झाला."

"हे खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही," मोजणीबाई मोकळेपणानं म्हणाली. "तीही गोष्टच. फक्त जास्त जुनी."

दुपारी सगळे जेवायला पांगले. छन्नी कापडाच्या आत एकटी उरली. पिशवी उघडून तिनं दातेरी छन्नी बाहेर काढली, परत ठेवली. मग इकडे तिकडे पाहून ती खडकावर चढली आणि वाटीत उजवा गुडघा टेकला. गुडघा बसला, पण कुणाचाही बसला असता. वाटी ती वाटीच. तिनं गुडघ्याचा विचार सोडला आणि कामाचा केला. जड दगड दोरानं ओढायचा तर नुसतं गुडघ्यावर बसून भागत नाही, तोल जातो. दुसरा पाय पुढं कशाला तरी रेटावा लागतो. ती बांधाच्या बाजूला तोंड करून बसली, दोर धरल्यासारखे हात मुठीत आवळले आणि डावा पाय जाईल तिकडे जाऊ दिला. टाच खडकाच्या पुढच्या उंचवट्यावर टेकली. तिथं हातभर अंतरावर एक गुळगुळीत चट्टा होता. चौदा वर्षं ती तो पाहत आली होती आणि जुन्या पन्हळीच्या पाण्यानं झाला असेल असं धरून चालली होती. आता तिनं वर पाहिलं. तिच्या डोक्यावर पन्हळ नव्हती. कधी असल्याची खूणही नव्हती.

तिनं टाचेनं तो चट्टा दोनदा रेटून पाहिला. मग एका कामगाराच्या खोकल्याचा आवाज आला, तशी उतरली.

त्या दिवशी तिनं काही कोरलं नाही. बुधवारीही नाही. घरी अप्पा रोज विचारत आणि ती रोज "करते" म्हणे. रविवारी अप्पांनी ताट बाजूला सारलं.

"कापड किती दिवसांचं राहिलंय?"

"अप्पा, ती वाटी म्हणजे गुडघ्याची जागा आहे." तिनं सगळं सांगितलं, फाटकं पान, दोर, टाचेचा चट्टा.

अप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "असेल. म्हणूनच जपायला सांगितलं असेल. जपली ना आपण? आता खूर काढ."

"खूर खोटा आहे."

"शहराला तो लागतो. लोक घोड्याला हात लावायला येतात. त्या बाईचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे?"

"राजाचं कुणाला ठाऊक आहे?"

अप्पा थबकले. खरंच, राजाला सगळे पहिला राजा एवढंच म्हणत. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुला भीती वाटत असेल तर तसं सांग. मी करतो."

"या हातानं?"

बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. अप्पांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि उठून आत गेले. पुढचे चार दिवस दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतं बोलले. थोरला भाऊ एकदा येऊन गेला, घरातली शांतता पाहून त्यानं कारण विचारलं, आणि दोघांनीही एकाच वेळी "काही नाही" म्हटल्यावर चहा न घेताच परतला.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बैठक बोलावली. मोजणीबाईचा अहवाल आला होता आणि त्यातल्या चार वेळा कोरलेल्या खुरानं साहेबांची झोप उडाली होती. जुन्या जाणत्या माणसाचं मत असावं म्हणून त्यांनी अप्पांनाही बोलावलं. साहेबांच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पाण्याचे पेले, भिंतीवर वेशीचा मोठा फोटो. एका बाजूला मोजणीबाई, समोर अप्पा आणि छन्नी.

साहेबांनी चष्मा लावला. "पहिल्या तीन खेपांचं बोलायला नको, ते इतिहासात जमा. पण ही शेवटची, पन्नासएक वर्षांच्या आतली. म्हणजे कुणातरी टवाळखोराचं काम. किंवा अर्धवट शिकलेल्या गवंड्याचं. हात काही सफाईदार दिसत नाही."

छन्नीनं अप्पांकडे पाहिलं नाही. झाकली मूठ झाकलेली राहू शकली असती. कुणी त्यांच्यावर बोट दाखवलं नव्हतं, आणि दाखवण्यासारखा पुरावाही कुणाकडे नव्हता.

"सफाई नाही म्हणता?" अप्पा म्हणाले.

"म्हणजे कडा बघा ना, बोथट."

"बोथट आहेत कारण त्या बोथट केल्यात." अप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले. "नवी कड दगडात ओरडते, साहेब. लांबून कळते. मी दोन दिवसांत खूर काढला आणि पुढं अकरा दिवस ओल्या वाळूनं नि चामड्यानं कड घासत बसलो, की कालची वाटू नये. बोटांची सालं निघाली होती. त्रेचाळीस वर्षांत एकालाही कळलं नाही. तुम्हालाही या यंत्रामुळं कळलं. आणि अर्धवट शिकलेला कोण?"

साहेबांचा हात पेल्याकडे निघाला होता तो तिथंच राहिला. मोजणीबाई खुर्चीत पुढं सरकली आणि तिनं पहिल्यांदाच तोंडातला घास घाईघाईनं गिळला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं. "कचेरीतून?"

"वडिलांनी. कचेरीला आम्ही कधी विचारलं नाही आणि कचेरीनं आम्हाला. खूर झिजला की सफाई निघायची आणि सफाई झाली की खूर ठसठशीत व्हायचा. तुमच्या आधीच्या साहेबांना हे विचित्र वाटलं नाही, तो त्यांचा प्रश्न."

"आणि या वेळी?" साहेबांनी छन्नीकडे पाहिलं.

"मला सांगितलं होतं," छन्नी म्हणाली. "मी केलं नाही." मग मोजणीबाईकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी पाण्याच्या धारेचं मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या बदल्यात एक खरं सांगते. वाटीपासून हातभर पुढं एक चट्टा आहे, तो मोजा."

चट्टा मोजला. पाण्यानं झालेला नव्हता. बराच काळ काहीतरी एकाच दिशेनं रेटत राहिलं होतं, एवढं यंत्रानं सांगितलं. ते काहीतरी म्हणजे पाय, आणि पाय म्हणजे बाईचा, आणि बाई म्हणजे नावाड्याची, हे यंत्र सांगत नाही, असं मोजणीबाईनं अहवालात स्वच्छ लिहिलं. छन्नीला तेवढं पुरलं.

कापड उतरलं तेव्हा खूर जसा होता तसाच होता, पुसट. साहेबांनी बराच विचार करून वेशीपाशी पाटी लावली. तिच्यावर दोन्ही गोष्टी होत्या, घोड्याची आधी आणि बाईची नंतर. कुणी तक्रार केली की साहेब त्याला पाटीचा दुसरा अर्धा भाग वाचायला सांगत, मग तक्रार कुठल्याही बाजूची असो. वर्तमानपत्रात दोन दिवस हे प्रकरण गाजलं. थोरल्या भावाच्या दुकानात गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, आरशावर घोड्याचा खूर उमटवून मिळेल का. त्यानं महिनाभर अप्पांशी अबोला धरला. लोक वेशीतून जाताना हात मात्र टेकवत राहिले. काही जण थांबून आधी पाटी वाचत, मग हात कुठं टेकवावा म्हणून घोटाळत, आणि शेवटी दोन्हीकडे टेकवत.

अप्पा मात्र वेशीकडे फिरकेनासे झाले. बाजारात जायचं तरी मागच्या गल्लीनं जात. कुणी काही बोललं नव्हतं, पण कुणी काही बोलेल ही भीती त्यांच्या चालण्यात शिरली होती. छन्नी ते पाहत होती. हाताबद्दल जे बोलून गेली होती त्याची माफी मागायला तिला शब्द सापडत नव्हते. एका सकाळी तिनं त्यांच्या बंडीची गुंडी न विचारता लावून दिली. अप्पांनी लावू दिली. तेवढ्यावर ते मिटलं.

दोन महिन्यांनी मोजणीबाई घरी आली. हातात कोरी वही होती आणि बरोबर फुटाण्यांचा पुडा.

"अप्पा, वेशीचं झालं," ती म्हणाली. "पण तुमच्या घराण्यानं शहरात आणखी कुठं कुठं हात घातलाय?"

"कशाला?"

"लिहून ठेवायला. कोण म्हणतं हे हजार वर्षांचं, कोण म्हणतं पाचशे. ज्यांनी केलं त्यांना कुणी विचारलंच नाही."

अप्पांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं, मग छन्नीकडे. छन्नी दगडावर पाणी शिंपडत होती, तिनं मान वर केली नाही.

"हौदावरच्या चार सिंहांपैकी एकाचा पुढचा पंजा आमच्या आजोबांचा," अप्पा अखेर म्हणाले. "कोर्टाच्या पायऱ्यांतल्या सात माझ्या. मोठ्या पुलावर जो नाक उडालेला पुतळा म्हणतात ना, त्याचं नाक उडालेलं नाही. ते आमच्या पणजोबांनी बसवलं, त्यांना नाक जमत नसे."

मोजणीबाई लिहू लागली. दर मंगळवारी ती येई. पहिली वही एका महिन्यात भरली, दुसरी त्याहून लवकर. साहेबांना बातमी लागली तेव्हा ते धावत आले आणि निदान कचेरीच्या इमारतीचं तरी यात काही नाही ना, असं विचारू लागले. अप्पांनी त्यांना बसायला सांगितलं आणि दाराच्या चौकटीपासून सुरुवात केली.

तिसऱ्या वहीच्या वेळी नुसतं सांगून भागेना, तेव्हा छन्नी सुट्टीच्या दिवशी अप्पांना हाताला धरून शहरभर हिंडवू लागली. अप्पा काठीनं दाखवत, मोजणीबाई लिहून घेई. वाटेत वेस लागली तर अप्पा आता वळसा घालत नसत. तिच्यातून सरळ जात, हौदाकडे.